ताईच्या नावावरचा पाना

१

जुन्या हत्यारांची वयं सांगणं हा माझा धंदा आहे. हसू नका, याला गिऱ्हाईक असतं. लढाईच्या वर्षांतले पाने, पकडी, हातोड्या जमवणारे शौकीन पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांना आपल्या हातात काय आहे ते कळत नाही. मग ते जिने चढून माझ्याकडे येतात. मी भिंग लावतो, हत्यार खिडकीशी तिरकं धरतो आणि सांगतो की हे अमुक सालातलं आहे, किंवा हे लढाई संपल्यानंतरचं आहे आणि तुम्हाला कुणीतरी टोपी घातली आहे. हे दुसरं वाक्य उच्चारताना मला जरा जास्तच बरं वाटतं. स्वभावाला औषध नाही.

ओळखणं तसं अवघड नसतं. लढाई पेटली की क्रोम आणि निकेल तोफा-विमानांकडे जातं, पान्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून त्या काळच्या मालाला चकाकी नसते. नुसता काळपट मुलामा, आणि घासल्याचे ओरखडे तसेच राहिलेले, कारण गुळगुळीत करत बसायला कुणाला सवड नव्हती. बऱ्याच हत्यारांवर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. आकडा झिजला असेल तर डोळे मिटून अंगठा फिरवायचा, अंगठ्याला कळतं. आकडा अगदी ठळक असेल तर मात्र जास्त सावध व्हायचं, कारण बनावट करणारे आधी तिथेच हात घालतात. शेवटचा आकडा कानशीनं घासतात आणि त्यावर दुसरा ठोकतात. तिरक्या उजेडात खालचा आकडा पुसट दिसतो. अशा पुष्कळ लबाड्या मी पकडल्या आहेत आणि पुष्कळ माणसं तोडली आहेत.

काम घरीच चालतं, दुसऱ्या मजल्यावर, मागच्या खोलीत. घरात मी आणि ताई. ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे, तेव्हा मला वाढवलं ते तिनंच. तिनं लग्न केलं नाही, मी केलं ते टिकलं नाही. आता आम्ही दोघं म्हातारे एकमेकांच्या चुका काढत राहतो. ती मला ठोंब्या म्हणते. डोक्यावरचे केस गेलेल्या माणसालाही ठोंब्या म्हणणारं कुणीतरी घरात लागतं, नाहीतर तो माणूस कुणाचाच उरत नाही. ताईला काही झालं तर आपलं कसं होईल, हा विचार मनात आला की मी उठून पाने पुसायला लागायचो. दुसरा उपाय मला माहीत नव्हता.

२

तो फळा भंगारवाल्यानं आणला. कुठल्याशा बंद कारखान्याची इमारत पाडत होते, तिथल्या स्टोअरच्या भिंतीवरून त्यानं तो अख्खा उचकटून आणला होता. दाराएवढा लाकडी फळा, ओळीनं ठोकलेले खिळे आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या हत्याराची काळ्या रंगात काढलेली आकृती. म्हणजे कुठलं हत्यार कुठे टांगायचं ते आंधळ्यालाही समजावं. सगळी हत्यारं जागच्या जागी होती. असा पुरा संच मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सगळी एकाच सालातली, लढाईच्या ऐन मध्यावरची. सोबत एक पत्र्याचा डबा होता, त्यात भोक पाडलेली पितळी टोकनं. कुठल्याच टोकनावर नंबर नव्हता.

फळा मागच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला टांगला. त्या भिंतीपलीकडे काही नाही, नुसती हवा आणि खाली मोकळं मैदान. ताईनं विचारलं, टोकनं कशाला? मी तिला सांगितलं की मोठ्या कारखान्यात हत्यार कामगाराचं नसतं. स्टोअरच्या खिडकीशी जायचं, आपलं टोकन द्यायचं, हत्यार घ्यायचं. स्टोअरकीपर ते टोकन रिकाम्या झालेल्या खिळ्याला अडकवतो. पाळी संपली की हत्यार परत आणि टोकन परत. हत्यार दिलं नाही तर टोकन मिळत नाही, आणि टोकन दाखवल्याखेरीज गेटवरचा माणूस बाहेर सोडत नाही.

"चांगलं आहे की," ताई म्हणाली. "घरातही अशी पद्धत पाहिजे. माझी कात्री नेतोस आणि विसरतोस."

त्याच आठवड्यात दातवाले डॉक्टर आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना लढाईच्या हत्यारांचं वेड लागलंय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी त्यांची तऱ्हा. फळा पाहून ते वेडेच झाले आणि त्यातला एक रिंग पाना मागू लागले. त्या मापाचा, त्या सालातला त्यांच्याकडे नव्हता. संच फोडायचा नसतो हे मीच जगाला शिकवतो, पण त्यांनी बदल्यात पुढे केलेली हत्यारांची पेटी पाहून माझी जीभ लुळी पडली. डॉक्टर पाना घेऊन गेले.

ताईला रिकामा खिळा बघवेना. तिला कुठलीच रिकामी जागा बघवत नाही. तिनं डब्यातलं एक टोकन घेतलं, स्वेटरच्या बाहीनं पुसलं आणि खिळ्याला अडकवलं.

"हे माझं," ती म्हणाली. "पाना माझ्या नावावर लिहा म्हणावं."

आम्ही दोघंही हसलो. आमच्या घरात हसायला फार कारणं नसतात.

३

दुपारी जेवण झालं की मी पुढच्या खोलीत आडवा होतो. ताई मागच्या खोलीत खुर्चीत बसून माझी हत्यारं पुसते किंवा डुलक्या घेते. वर्षानुवर्षं हे असंच. त्या दिवशी चहाच्या वेळी तिनं माझ्यापुढे कप ठेवला आणि मला तिची बोटं दिसली. नखांच्या कडेला आणि तळहाताच्या रेषांत काळं भरलं होतं.

त्यात काय, असं तुम्ही म्हणाल. हत्यारं पुसली की हात काळे होतातच. मीही तेच म्हणालो. पण मी सगळी हत्यारं रॉकेलमध्ये धुतो, आणि रॉकेलचा हात कोरडा पडतो, करडा दिसतो. हे काळं ओलं होतं. त्याला लोखंड कापणाऱ्या यंत्राच्या तेलाचा वास होता, तो गोडसर जळका वास. तसलं तेल माझ्या घरात कधीच नव्हतं. काळ्यात बारीक कण चमकत होते. लोखंडाचा ताजा कीस.

"काय पुसलंस आज?" मी विचारलं.

"काही नाही. डोळा लागला होता."

मी विषय सोडला. म्हातारपणी माणसं विसरतात, आणि माझ्या नाकाचा तरी भरवसा काय? पण दुसऱ्या दिवशी ते काळं पुन्हा होतं, तिसऱ्या दिवशीही. पुढे पुढे ताई चहा ओतताना दमलेली दिसू लागली. झोपून उठलेलं माणूस असं दमत नाही. एकदा तिनं तापलेलं भांडं नुसत्या बोटांनी उतरवलं आणि तिला काही वाटलंच नाही. मी तिचा हात ओढून पाहिला. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. रेषाच नव्हत्या.

४

भोंगा मी ऐकला तो अशाच एका दुपारी, अर्धवट झोपेत. लांबचा, खोल आवाज, आधी चढणारा आणि मग बराच वेळ एकाच सुरात थांबणारा. आमच्याकडचे कारखाने केव्हाच बंद झाले. शेवटची चिमणी पाडली तेव्हा बघायला गर्दी जमली होती, त्या गर्दीत मीही होतो. मग भोंगा कुणाचा?

कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न असेल असं मी स्वतःला सांगितलं आणि कूस बदलली. पण झोप गेली ती गेलीच. घरात फार शांत होतं. ताई झोपली की बारीक घोरते, तो आवाज नव्हता. मी उठून मागच्या खोलीत गेलो.

खुर्ची रिकामी होती. उशी मधोमध दबलेली, हात लावला तर अजून गरम. स्वयंपाकघरात ताई नव्हती, न्हाणीघरात नव्हती. पुढच्या दाराची साखळी आतून लावलेली होती. मी पलंगाखालीसुद्धा पाहिलं. घाबरला म्हणजे माणूस असा हास्यास्पद होतो, मोठ्या बहिणीला पलंगाखाली शोधतो. खिडकीतून खाली मैदान पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, आणि ते पाहून मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

परत मागच्या खोलीत आलो तर आवाज येत होता. कानस घासल्याचा. एक कानस नव्हे, पुष्कळ कानशी, सगळ्या एका ठेक्यात, पुढे आणि मागे. आवाज फळ्यामागून येत होता. मी फळ्याला कान लावला. लाकूड थरथरत होतं.

मग भोंगा पुन्हा झाला, कानशी थांबल्या आणि माझ्या पाठीमागून ताई म्हणाली, "काय रे, पालीसारखा भिंतीला काय चिकटलास?"

ती खुर्चीत बसली होती. कपाळावर घाम होता.

५

मी भांडलो. भीती वाटली की मला भांडायला येतं, लहानपणापासूनची खोड. कुठे गेली होतीस, काय लपवतेस, मला मूर्ख समजतेस का, असं बरंच बोललो. ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग मांडीवरचे काळे हात बघत ती बोलली.

"डोळा लागला की भोंगा होतो. मग जावं लागतं."

"कुठे जावं लागतं?"

"कामावर. पाना माझ्या नावावर आहे ना."

"कसलं काम?"

"कानस मारायची. बाकावरच्या शेगड्यात आवळून जे धरून देतील ते घासायचं. कशाचं असतं ते बघायला वेळ मिळत नाही." तिनं अंगठा बोटांवर घासला. "परवा मऊ लागलं जरा."

तिथे आणखी कोण असतं, असं मी विचारलं. पुष्कळ असतात, ती म्हणाली, पण सगळे पाठमोरे.

मी उठलो आणि खिळ्यावरचं ते टोकन काढून खिशात घातलं. मला वाटलं, संपलं. चेष्टेत अडकवलं होतं, काढून टाकलं, झालं. मी डब्याकडे वळेपर्यंत ताई स्वयंपाकघरात गेली होती. मी मागोमाग गेलो. ती ओट्यापाशी उभी होती आणि भिंती न्याहाळत होती. मला पाहून ती बाजूला सरकली, अनोळखी माणसाला वाट द्यावी तशी.

"साहेब," ती मला म्हणाली, "गेट कुठल्या बाजूला आहे?"

मी धावत जाऊन टोकन परत अडकवलं. आलो तेव्हा ती चहाचं आधण ठेवत होती.

"ते काढू नकोस, ठोंब्या," पाठमोरीच ती म्हणाली. "तिकडची हजेरी त्याच्यावर असते. पाना तेवढा आण. रोज मागतात."

६

डॉक्टरांकडे मी त्याच संध्याकाळी गेलो. पाना त्यांच्याकडे नव्हता. दुसऱ्या एका शौकिनाला अदलाबदलीत दिला, म्हणाले. कुणाला ते सांगा, मी हात जोडतो म्हणालो. खरोखरच जोडले. शौकिनांचा एक दंडक आहे, कुणाकडून काय घेतलं आणि कुणाला काय दिलं ते सांगायचं नाही. हा दंडक मीच त्यांना शिकवला होता, पहिल्या भेटीत, मोठ्या ऐटीत. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात गेलेला तो माणूस, त्याचं तोंड मात्र मला उघडता आलं नाही. त्यांच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि दार लावून घेतलं.

नंतर मी ताईला दुपारी झोपू देईनासा झालो. तिच्याशी बोलत बसायचो, पत्ते मांडायचो, मुद्दाम भांडण काढायचो. जागेपणीही ती अधूनमधून मान कलती करायची, दुरून कुणी हाक मारल्यासारखी. माणूस किती जागा राहील? एका दुपारी पत्ते हातात असतानाच तिचे डोळे मिटले. मी तिचं मनगट घट्ट धरलं. भोंगा झाला. माझी मूठ आवळलेलीच होती आणि मुठीत काही नव्हतं.

या वेळी ती परत आली नाही. चहाची वेळ गेली, दिवेलागण झाली, सकाळ झाली. पोलिसांत जायचं ठरवून जिना उतरलो आणि मधूनच परत आलो. तिथे काय सांगणार होतो? बहीण कामावरून आली नाही? कुठल्या कामावरून?

फळ्यासमोर बसून राहिलो. खिडकी बंद होती, खोलीत जेमतेम उजेड होता. डॉक्टरांना दिलेल्या पान्याची ती काळी आकृती, तिच्यावर टोकन लोंबत होतं. बघता बघता माझ्या ध्यानात आलं की बाकीच्या आकृतींचा काळा रंग वेगळा आहे आणि हिचा वेगळा. बाकीच्यांवर धूळ होती. हिच्यावर धूळ बसायला काही नव्हतंच. मी बोट पुढे केलं आणि ते आत गेलं. आतून हवा लागली, गरम, तेलाच्या वासाची.

मी डोळा लावला. फार थोडं दिसलं. पिवळट उजेड, लांबच लांब बाक, पाठींची रांग, सगळ्या एका वेळी वाकणाऱ्या आणि एका वेळी सरळ होणाऱ्या. रांगेच्या टोकाला एक पाठ ताईची होती. ती मी कुठेही ओळखीन, तिच्यावर बसूनच मी मोठा झालो. मी हाक मारली. कुणी वळलं नाही, पण तिचा ठेका चुकला. सगळ्या कानशी पुढे गेल्या तेव्हा तिची मागे राहिली. आणि लगेच अगदी जवळून, आकृतीच्या पलीकडच्या अंगाला, कुणीतरी बोटांनी लाकडावर टकटक केलं. खिडकीशी खोळंबलेल्या माणसाला स्टोअरकीपर करतो तशी. काय आणलंय, दे.

मी तिथेच भिंतीशी बसून रडलो. आता हे घर नुसतं दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर होतं.

७

तसा पाना माझ्याकडे होता. म्हणजे तोच कारखाना, तेच माप, तोच काळपट मुलामा. फक्त साल पुढचं होतं. शेवटचा आकडा एकानं जास्त.

दुधाची तहान ताकावर भागवायची, दुसरं काय. मी तो पाना शेगड्यात धरला, बारीक कानस घेतली आणि शेवटचा आकडा घासून काढला. जागा खोलगट दिसू नये म्हणून आजूबाजूचा धातू हलक्या हातानं ठोकून तिकडे ओढला. मग ठसा ठेवला आणि हातोडीचा एकच घाव दिला. ठसा मारला की कडेचा धातू किंचित वर येतो, तोही घासला. तापवून तेलात बुडवला, मीठ लावून गंजवला, पुसला, परत गंजवला. माझ्यासमोर कुणी असला पाना ठेवला असता तर मी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. पण हे काम मी मन लावून केलं. इतक्या लबाड्या पकडल्यावर लबाडी कशी करायची ते आपोआप येतं.

मी काम करत होतो तेव्हा फळ्यामागे कानशी चालूच होत्या. माझी कानस कधी त्यांच्या ठेक्यात गेली ते मला कळलं नाही.

भर दुपारी मी पाना फळ्यापाशी नेला. टोकन न काढता त्याच्याच वर पाना टांगला. तो आकृतीवर बरोबर बसला. कानशी थांबल्या.

आणि मग पान्याच्या कडेनं, आतून, एक अंगठा बाहेर आला.

तेवढाच. मागचा हात मला दिसला नाही आणि पाहायची इच्छाही नव्हती. त्या अंगठ्यावर रेषा नव्हत्या, नखही झिजून नाहीसं झालेलं. तो पान्याच्या दांडीवर टेकला आणि सावकाश सरकू लागला. कारखान्याच्या खुणेवरून, मापावरून, सालाच्या पहिल्या आकड्यावरून. मी करतो तसंच, तितक्याच सवडीनं. दुसऱ्या आकड्यावर येऊन तो थांबला. जरा मागे गेला, परत त्याच आकड्यावर आला आणि दाबून राहिला.

त्याला कळलं होतं. अंगठ्याला कळतं.

मला वाटलं, पाना आता फेकून देईल. तसं काही झालं नाही. अंगठा आत गेला. टोकन खिळ्यावरून सुटलं, खाली पडलं आणि फरशीवर घरंगळत खुर्चीच्या पायाशी जाऊन आडवं झालं. एका हातानं ते उचललं.

"किती धूळ केलीस रे, ठोंब्या," खुर्चीतून ताई म्हणाली.

८

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो. तिनं माझ्या टकलावरून हात फिरवला. हात स्वच्छ होते. तिनं ते टोकन डब्यात टाकलं, डबा हलवला, झाकण लावलं. आता कुठलं टोकन तिचं होतं ते कुणालाच सांगता आलं नसतं. मग ती उठली आणि नेहमीसारखी कुरकुरत चहा करायला गेली.

पुढचे काही दिवस मी सुखात होतो. ती दुपारी झोपायची आणि बारीक घोरायची. भांड्यांचे चटके तिला पुन्हा लागू लागले होते. बोटांच्या रेषा परत आल्या होत्या, सगळ्या जागच्या जागी, अगदी ठळक. मी त्या पाहून निश्चिंत झालो. माझ्या धंद्यातल्या माणसानं ठळक रेषा पाहून निश्चिंत व्हावं म्हणजे कमाल झाली.

ताईच्या डाव्या भुवईत एक खोक आहे. मी तान्हा असताना मला कडेवर घेऊन जिना उतरताना तिचा पाय घसरला. मला तिनं वर धरून ठेवलं आणि पायरीची कड स्वतःच्या तोंडावर घेतली. आज सकाळी ती खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती आणि उन्हाची तिरीप तिच्या चेहऱ्यावर तिरकी पडली होती. मी सहज पाहिलं. सहज कसलं, सवयीनं.

खोक होती, जागच्या जागी, हव्या त्या लांबीची. पण तिची कड जराशी वर उचललेली होती. भोवतालची कातडी गुळगुळीत होती, चकाकत होती, कुणीतरी हलक्या हातानं तिकडे ओढून आणल्यासारखी. आणि खोकेच्या खाली, अगदी पुसट, दुसरी काहीतरी खूण होती. घासून काढलेली. कुणाची ते मला वाचता आलं नाही.

"काय बघतोस, ठोंब्या?" ती म्हणाली.

"काही नाही."

आवाज ताईचा आहे. चिडणं ताईचं आहे. माझ्या लहानपणातलं काहीही विचारलं तर ती बरोबर सांगेल याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच मी विचारत नाही. मी माल दिला, त्या मोलाचा माल मला मिळाला. तक्रार कुणाकडे करू? पाना काढून घ्यावा असं सकाळपासून किती वेळा मनात आलं. पण त्यानं काय होईल? तिकडच्या हिशेबात पाना जमा झाला, टोकन परत गेलं, ताई केव्हाच घरी पोचली. तिच्या नावचं टोकन आता कुठल्याच खिळ्यावर नाही. पाळी सुटल्यावर तिकडे राहिलेली ती गेटवर जाईल तेव्हा काय दाखवील?

दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. मागच्या खोलीत कानशी चालू होत्या, त्यांची मला सवय झाली आहे. मध्येच एक कानस थांबली आणि फळ्यामागे कुणीतरी खोकलं. थकलेला, कोरडा खोकला, आणि तो संपल्यावर घसा साफ करून 'हं' म्हटलेलं, आपण ठीक आहोत असं दुसऱ्याला कळावं म्हणून. मला बरं नसलं की रात्र रात्र उशाशी बसून ताई असंच करायची. मग फळ्यावर टकटक झाली. हलकी, ओळखीच्या दारावर करतात तशी. आणि माझं नाव, ताई एकटीच घेते ते.

माझा घास हातातच राहिला. समोर बसलेल्या बाईनंही मान वर केली होती. तिनंही ऐकलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत ताईची माया होती, तंतोतंत, कुठेही चूक काढता येणार नाही अशी.

"त्या भिंतीतून फार आवाज येतो," ती म्हणाली. "उद्या गवंडी बोलव. फळ्यासकट लिंपून घेऊ."

पलीकडे टकटक चालूच होती.

मी बरं म्हणालो. तिनं मला आणखी भात वाढला आणि मी जेवू लागलो.